डोळ्यांचा डॉक्टर निवडायचा कसा? आधी तो पडदा पाहतो का, ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. आई 58 वर्षांची, 11 वर्षांपासून साखरेच्या (मधुमेहाच्या) गोळ्या चालू. आठ-दहा महिन्यांपासून दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, डाव्याने जास्त. गावातल्या शिबिरात "मोतीबिंदू आहे, परवा गाडी येईल, चला" म्हणाले. तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात "काही नाही, नंबर वाढला" म्हणून चष्मा करून दिला, तो दीड महिन्यात बिनकामाचा झाला. नागपूरच्या एका दवाखान्यात दहा मिनिटांत महागड्या लेन्सचं पॅकेज हातात ठेवलं. तिघांचे तीन सल्ले. आता ऐकायचं कोणाचं, आणि डोळ्यांचा चांगला डॉक्टर ओळखायचा कसा?

मी 26 वर्षं डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्यातली बहुतेक वर्षं वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात गेली. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तिघेही खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. आईंना मोतीबिंदू असूही शकतो, नंबर खरंच बदललेला असू शकतो, पुढे लेन्सही टाकावी लागू शकते. पण एक गोष्ट मला त्यात कुठेच सापडली नाही. डोळ्यांत थेंब टाकून, अर्धा-पाऊण तास बाकावर बसवून, बाहुली मोठी करून मागचा पडदा कोणी पाहिला का? 11 वर्षांची साखर असलेल्या माणसाचा पडदा न पाहता तिघांनी तीन निकाल दिले असतील, तर तिघांचेही निकाल अर्धेच आहेत.

पडदा हा शब्द आपल्याकडे चांगला रुजला आहे, त्याचाच फायदा घेऊन सांगतो. जत्रेतला तंबूचा टॉकीज आठवा. एका टोकाला मशीनचं भिंग, दुसऱ्या टोकाला पडदा. भिंगावर धूळ बसली तर चित्र धूसर दिसतं. तो मोतीबिंदू. भिंग बदललं की काम झालं. पण पडदाच जागोजागी ओला होऊन फुगला असेल, त्यावर रक्ताचे डाग असतील, तर नवं कोरं भिंग लावूनही चित्र नीट उमटत नाही. साखर नेमकं हेच करते. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. बरेचदा माणसाला कळतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

असे पेशंट मी मोजायचं सोडून दिलं आहे. पोरगा आईला हाताला धरून आणतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आपरेशन करून आनलं तरी मायले दिसत काऊन नाही?" तपासावं तर शस्त्रक्रिया एकदम व्यवस्थित, लेन्स जागेवर, आणि मागे पडदा साखरेने खराब झालेला. घरचे सर्जनला शिव्या घालतात. सर्जनची चूक शस्त्रक्रियेत नसते, आधी न पाहण्यात आणि न सांगण्यात असते. पडद्याची सूज आधीपासून असेल तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती वाढूही शकते. म्हणून बरेचदा आधी पडद्यासाठी डोळ्यात इंजेक्शन किंवा पडद्यावर लेसर, मग मोतीबिंदू, असा क्रम ठेवावा लागतो. मोतीबिंदू इतका दाट असेल की आतलं काही दिसतच नाही, तर सोनोग्राफीसारखा बी-स्कॅन करून निदान पडदा जागेवर आहे की सुटला आहे एवढं तरी कळतं.

तुमच्या दीड महिन्यात बाद झालेल्या चष्म्याचं कोडंही बहुधा साखरेतच आहे. साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर सरकतो. साखर 300 असताना काढलेला नंबर ती 150 वर आल्यावर जुळत नाही. चांगला माणूस चष्म्याचा नंबर काढण्याआधी विचारतो, "साखर कधी तपासली? किती होती?" आणि ती हाताबाहेर असेल तर सांगतो, "आत्ता चष्मा करू नका, साखर आटोक्यात आणून काही आठवड्यांनी या." असं म्हणून हातचं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका. माझ्या पाहण्यात असे दोन आहेत.

आता कोण कोण असतं ते. आपल्याकडे डोळ्यांवर हात ठेवणारा प्रत्येक जण 'डोळ्याचा डॉक्टर' होतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. झाल्यावर डोळ्यांचं वेगळं शिक्षण घेतलेला. पाटीवर एम.एस. (नेत्र), डी.एन.बी., डी.ओ. किंवा डी.ओ.एम.एस. असं काहीतरी दिसेल. औषध, लेसर, शस्त्रक्रिया हे त्याचं काम. त्याचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असायलाच हवा, तो नियमच आहे. दिसला नाही तर विचारा. विचारल्याने चिडणारा डॉक्टर पुढे गुंतागुंत झाल्यावर काय करेल, याचा अंदाज तिथेच येतो.

दुसरा ऑप्टोमेट्रिस्ट. याचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, जुन्या लोकांकडे पदविका असते. नंबर काढण्यात चांगला ऑप्टोमेट्रिस्ट माझ्यापेक्षा सरस असतो, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तिसरा ऑप्टिशियन, म्हणजे चष्मा बनवून देणारा. अडचण अशी की तालुक्याच्या दुकानात काउंटरमागे यापैकी कोण उभा आहे ते पाटीवरून कळत नाही. 'कॉम्प्युटरवर मोफत नेत्रतपासणी' एवढंच लिहिलेलं असतं. ते कॉम्प्युटर मशीन नंबराचा अंदाज देतं. त्या अंदाजावरून पुढे काचा बदलत, "ही बरी की ही?" असं विचारत खरा नंबर ठरवायचा असतो. मशीनमधून निघालेली चिठ्ठी पाहून थेट फ्रेम दाखवायला लागला, तर उठून या.

आणि चौथा, ज्याला लोक विसरतात, तो सरकारी नेत्र चिकित्सा अधिकारी. ग्रामीण रुग्णालयात हा बसतो, ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही जातो. हा शस्त्रक्रिया करत नाही. पण नजर तपासणं, मोतीबिंदू ओळखणं, पुढे कुठे पाठवायचं ते लिहून देणं हे याचं रोजचं काम. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला, त्याचा गावपातळीवरचा खरा भार या लोकांनी वाहिला. आशाताईंना विचारा, त्याचा वार माहीत असतो. केसपेपरच्या किरकोळ खर्चात पहिलं पाऊल तिथे पडतं.

आयुर्वेदातले शालाक्यतंत्राचे पदव्युत्तर वैद्यही डोळ्यांचं पाहतात. त्यांच्याकडे जायचं तर जा, पण साखरेने खराब होणारा पडदा आणि काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू मरते तो आजार, या दोन बाबतींत डोळ्यातला दाब मोजून आणि पडदा पाहून घेतल्याशिवाय कोणत्याच पॅथीवर विसंबू नका. काचबिंदूत गेलेली नजर कोणीच परत आणू शकत नाही, मीही नाही.

काचबिंदूचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक निवृत्त गुरुजी चष्म्यासाठी यायचे. स्वभाव गोड, दरवेळी घरचा हरभरा आणायचे. दोन वर्षांत तीनदा आले, तिन्ही वेळा मी थोडा नंबर बदलून दिला. गर्दी असायची, तक्त्यावरचं वाचन 6/6, म्हणजे पूर्ण, व्हायचं, मी खूश, ते खूश. चौथ्या वेळी ते सायकलवरून पडून आले. बाजूने आलेली बैलगाडी दिसलीच नाही म्हणाले. तेव्हा मी थेंब टाकून आत पाहिलं. डोळ्याची नस पोखरून पांढरी पडली होती. समोरचं छान दिसायचं, कडेचं सगळं गेलं होतं. दाब त्याआधी मी एकदाही मोजला नव्हता. तेव्हापासून चाळिशी ओलांडलेला माणूस नुसत्या जवळच्या चष्म्यासाठी आला तरी मी दाब मोजतो आणि नस पाहतो. घरात आई-वडील, भाऊ-बहीण कोणाला काचबिंदू आहे का, हे विचारतो. तुमच्या डॉक्टराने यातलं काही विचारलं, काही केलं, तर तो गर्दीतही माणूस पाहतो आहे असं समजा. नुसता दाब मोजूनही भागत नाही. साधारण 10 ते 21 हा दाब ठीक धरतात, पण त्या आकड्यातही नस खराब होणारे लोक असतात. म्हणून पुन्हा तेच, आत पाहायला हवं.

हे थेंब मात्र दुकानात किंवा मेडिकलवर टाकून घ्यायचे नाहीत. काहींच्या डोळ्याची पुढची जागा अरुंद असते, त्यांना बाहुली मोठी झाल्यावर दाब एकदम चढू शकतो. नेत्रतज्ज्ञ आधी टॉर्च किंवा स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून पाहतात त्या यंत्रावर, अंदाज घेतो आणि मगच थेंब टाकतो. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. त्या दिवशी आईंनी सुईत दोरा ओवायला बसू नये आणि तुम्ही तपासून घेतलं तर मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी. लोक थेंबांना कंटाळतात, "एवढा वेळ काऊन बसवता?" म्हणून भांडतात. घाईचा डॉक्टर मग थेंब टाळतो. त्यात आपलाही वाटा आहे.

शिबिरांबद्दल मी वाईट बोलणार नाही. आपल्या भागातल्या हजारो म्हाताऱ्या माणसांना शिबिरांमुळे नजर मिळाली. पण शिबिर निवडताना विचारायचे प्रश्न वेगळे. शस्त्रक्रिया कुठे होणार? शाळेत, मंगल कार्यालयात नाही, रुग्णालयाच्या कायमच्या शस्त्रक्रियागृहातच व्हायला हवी. गावात फक्त तपासणी. साखर आणि बीपी तपासूनच घेणार ना? लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजणार ना? या मोजणीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्यात साधारण अडीच-तीन नंबरचा फरक पडतो. दुसऱ्या दिवशी पट्टी कोण काढणार? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: घरी आल्यावर चौथ्या रात्री डोळा ठणकायला लागला तर फोन कोणाला करायचा? शस्त्रक्रियेनंतर डोळा वाढत्या दुखण्याने लाल होऊन नजर उतरू लागली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. ज्या शिबिराकडे या प्रश्नाचं उत्तर म्हणून चालू फोन नंबर नाही, त्या गाडीत बसवू नका.

लेन्सच्या पॅकेजचं सांगतो, कारण तुमचा खरा घोर तोच दिसतो. साधी, एकाच अंतराची लेन्स वाईट नसते. सरकारी रुग्णालयात मोफत टाकतात ती अशीच असते. तिने दूरचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो, बस. बिनटाक्याच्या हाताने केलेल्या शस्त्रक्रियेत चीर मोठी, साधारण 6 मिलिमीटरची. फेकोत, म्हणजे मशीनने मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेतात त्या पद्धतीत, ती तीनपेक्षाही कमी. फेकोने डोळा लवकर निवळतो, पण पिकून घट्ट झालेल्या मोतीबिंदूला मुरलेल्या हाताची साधी पद्धत कधी कधी जास्त सुरक्षित पडते. दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी महागडी लेन्स, जी तुम्हाला दाखवली असावी, ती पडदा निरोगी असलेल्यांसाठी. पडदा साखरेने खराब असेल तर ती आम्ही सहसा टाकत नाही, कारण ती प्रकाश वाटून देते आणि आधीच अधू झालेल्या पडद्याला आणखी कमी प्रकाश मिळतो. तेव्हा त्या दवाखान्यात एकच प्रश्न विचारायचा होता: "आईचा पडदा कसा आहे? कागदावर लिहून द्याल का?" उत्तराआधी पॅकेज आलं असेल, तर पॅकेजचं काय ते तुम्हीच ठरवा. आणि मोतीबिंदू 'पिकू द्यावा' हा आजीच्या काळातला सल्ला आता सोडा. फार पिकला तर तो आत झिरपून किंवा फुगून दाब वाढवू शकतो. पण 'आजच्या आज करा' म्हणण्याइतकी घाईही सहसा नसते. दोन-तीन आठवडे चौकशी करायला मिळतात.

इथे थोडं विषयांतर, पण विदर्भात हे न सांगणं पाप. मोतीबिंदूला वेळ असतो, शेतातल्या माराला नसतो. पऱ्हाटी उपटताना फांदी लागली, तुरीचं धसकट घुसलं, सोयाबीनच्या मळणीत भुसा उडाला, भंडारा-गोंदियाकडे धानाचं पातं बुबुळावर घासलं, की माणूस आधी गावातल्या कचरा काढणाऱ्या बाईकडे जातो, मग मेडिकलवर. मेडिकलवाला लाल डोळा बघून जे थेंब देतो त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन वाचा. दोन दिवस लाली उतरते, बरं वाटतं. पण काडीबरोबर बुरशी आत गेली असेल, तर स्टेरॉइडने तिला रान मोकळं मिळतं आणि आठवड्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडतं. अशा वेळी चांगला डॉक्टर कोणता? जो जखम बारकाईने पाहतो, गरज वाटली तर बुबुळाचा कण खरवडून काचपट्टीवर तपासतो किंवा त्यासाठी लगेच मोठ्या रुग्णालयात धाडतो, आणि दर एक-दोन दिवसांनी परत बोलावतो. फवारणीचं औषध डोळ्यात गेलं तर डॉक्टर शोधण्याआधी निदान 15-20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, पापणी उघडी धरून. मग औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन दवाखाना. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे आपण कोणी विसरलेलो नाही.

लहान मुलांचं एकच सांगतो. तिरळा डोळा भाग्याचा नसतो, आणि "मोठा झाला की सुटेल" म्हणणारा डॉक्टर बदला. आळशी डोळ्यावर, म्हणजे लहानपणी नीट न वापरला गेल्याने कमजोर राहिलेल्या डोळ्यावर, सात-आठ वर्षांच्या आत जितकं लवकर काम होईल तितकं बरं. दिवस न भरता जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळाचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यायलाच हवा. बाळंतपण केलेल्या दवाखान्याने सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

नाव मोठं, इमारत मोठी, यावर मी फारसं जात नाही. मी दुसऱ्या दोन गोष्टी बघतो. तो लिहून देतो का: प्रत्येक डोळ्याची नजर, दाब, पडद्याची स्थिती, काय आजार वाटतो ते. नुसती औषधांची चिठ्ठी म्हणजे केसपेपर नव्हे. चष्म्याचा नंबरही लिहून मागा, चष्मा कुठे करायचा ते तुमच्या मर्जीचं. आणि तो "हे माझ्याकडे होत नाही" असं म्हणतो का. पडद्याचं लेसर, डोळ्यातलं इंजेक्शन, बुबुळ बदलणं हे तालुक्यात एकट्या डॉक्टराच्या आवाक्यातलं नसतं. जो वेळेत पुढची चिठ्ठी देतो तो खरा आपला माणूस.

आता आईंचं. पहिल्यांदा तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी आणि बीपी, तालुक्यालाच. मग ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला दाखवून पुढची चिठ्ठी घ्या. पडद्यासाठी मोठ्या ठिकाणी जावं लागेल. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्याकडे सोयीचं पडत असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय. नागपूरला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि आता मिहानमधलं एम्स. निघण्याआधी एक फोन करून विचारा: पडद्याची ओपीडी कोणत्या वारी, लेसर आणि ओ.सी.टी. (पडद्याच्या थरांचा फोटो काढणारं मशीन) सध्या चालू आहे का. मशीन बंद असलेल्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला एस.टी.ने नेऊन परत आणण्यासारखं दुसरं दुःख नाही.

शिबिराची चिठ्ठी, दुकानातला नंबर, नागपूरच्या पॅकेजचा कागद, साखरेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एका पिशवीत घ्या. जुना चष्माही घ्या, तो बिनकामाचा असला तरी. काळा गॉगल किंवा निदान छत्री ठेवा, थेंबांनंतर ऊन लागतं. सकाळी साखरेची गोळी घ्यायची असेल तर जेवणाचा डबा नक्की सोबत ठेवा, ओपीडीत दुपार होते. आणि पडदा पाहून झाल्यावर आईंच्या समोरच, त्यांना कळेल अशा भाषेत डॉक्टरांना विचारा, "ऑपरेशन झाल्यावर हिला किती दिसेल?" तो थोडा थांबून, "मोतीबिंदूपुरतं एवढं सुधारेल, पडद्यामुळे एवढं राहील" असं तोडून सांगत असेल, तर तारीख घ्यायला हरकत नाही. कापूस वेचणी उरकेपर्यंत मोतीबिंदू थांबेल. पडदा दाखवायचं मात्र याच आठवड्यात उरका.